तडकलेला सांगाडा आणि छापील वचन

बाजारांतून कोणतीहि वस्तु घरीं आणतांना मनुष्य वास्तविक दोन गोष्टी विकत घेत असतो. एक ती वस्तु, आणि दुसरें तिच्याबरोबर मिळणारें वचन. घागर घेतली तर ती गळणार नाहीं, विळा घेतला तर त्याची मूठ पहिल्याच पेंढीला निसटणार नाहीं, असें आपण मनाशीं गृहीत धरूनच पैसे मोजतों. पूर्वीं गांवच्या कासारास अगर लोहारास हें वचन तोंडानें उच्चारावें लागत नसे. कारण दुसऱ्या दिवशीं त्याची व गिऱ्हाइकाची गांठ पाराजवळ पडणारच असे. आतां वस्तु घडविणारा एका देशांत, विकणारा दुसऱ्या शहरांत आणि वापरणारा तिसऱ्याच गांवीं, अशी स्थिति झाल्यामुळें तें वचन कागदावर छापून देण्याची चाल पडली आहे. ह्यालाच आपण वॉरंटी म्हणतों. हा कागद बहुतेक घरांत खोक्याच्या तळाशीं पडून राहतो व खोक्याबरोबरच रद्दींत जातो. तो उघडून वाचण्याचा आणि त्यांतील वचन खरें करून घेण्याचा प्रसंग इ. स. २०२२ सालीं मजवर आला. त्यांत जें पाहिलें व शिकलों, तें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहें.

वस्तु म्हणजे एक सायकल. पण ती साधी नव्हे, डोंगरवाटांवर चालविण्याची. ह्या जातीच्या सायकलीचा जन्म अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं, मरिन परगण्यांतील टॅमल्पाइस नांवाच्या डोंगराच्या परिसरांत झाला. तेथील कांहीं हौशी तरुण १९७० नंतरच्या दशकांत जुन्या, जड, रुंद टायरांच्या सायकली घेऊन कच्च्या उतारांवरून धांव घेत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं ज्या उतारावर पहिली शर्यत लाविली, त्याला ‘रीपॅक’ असें नांव पडलें; कारण तो उतार एकदां उतरलें कीं मागच्या ब्रेकमधील वंगण तापून जळून जाई आणि तो पुन्हां भरावा लागे. पुढें १९७७ सालीं त्यांच्यापैकीं जो ब्रीझ ह्यानें अशा वाटांसाठींच मुद्दाम नवा सांगाडा घडविला, आणि १९९६ सालीं ॲटलांटा येथील ऑलिंपिकांत ह्या खेळाला स्थान मिळालें. गंमत म्हणून सुरू झालेला उद्योग वीस वर्षांत जगाच्या क्रीडांगणावर जाऊन पोहोंचला.

अशी सायकल मीं २०१८ च्या दसऱ्याला घेतली. चार वर्षें थोडे थोडे पैसे बाजूस टाकून ती घेतली होती, म्हणून घरांत तिचें कौतुक थोडें अधिकच होतें. साताऱ्यास राहणाऱ्याला डोंगर शोधावयास दूर जावें लागत नाहीं. यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठाराकडे जाणारा रस्ता गांवाच्या दाराशींच सुरू होतो. अंतर सुमारें २५ किलोमीटर. २०१२ सालीं सह्याद्रीच्या कांहीं भागांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हें पठारहि आहे. फुलांच्या दिवसांत तेथें गर्दी असते, परंतु इतर वेळीं त्या बाजूच्या जांभ्या दगडाच्या पायवाटा, गुरांच्या वाटा आणि ओढ्यांचे उतार सायकलस्वाराला जणू मोकळे असतात. महिन्यांतून दोन वेळां मी त्या बाजूस जात असें. माझा पुतण्या आमच्याच घरीं शिकावयास आहे. तो मोठा होऊं लागला तशी सायकलीला दुसरा धनी मिळाला. सीटच्या दांड्यावर आम्हीं दोन खुणा करून ठेविल्या होत्या, एक माझ्या उंचीची व एक त्याच्या.

२०२२ च्या दिवाळीनंतर सायकलींतून एक आवाज येऊं लागला. चढावर जोर लाविला कीं बारीक ‘करकर’, सपाटीवर पूर्ण शांतता. सायकलीचा आवाज हा घरांतील उंदरासारखा असतो. तो असतो एकीकडे व ऐकूं येतो दुसरीकडे. सीटचा दांडा काढून पुसला, वंगण लाविलें, पेडलें आवळलीं, साखळी धुतली; आवाज तसाच. शेवटीं एका रविवारीं सायकल उलटी करून स्वच्छ धुतली आणि उन्हांत धरून कसून पाहिली. वरची आडवी दांडी जेथें सीटच्या उभ्या नळीला जोडलेली असते, त्या सांध्याच्या कडेला रंगावर केसाएवढी बारीक रेघ दिसली. नख फिरवून पाहिलें तों तें किंचित् अडकलें.

ही रेघ केवळ रंगाची कीं धातूची, हें ठरविणें अवश्य होतें. ह्यासाठीं एक जुनी व फार सोपी युक्ति आहे; आगगाडीच्या कारखान्यांत चाकांचे कणे तपासण्यासाठीं ती एके काळीं सर्रास वापरीत. संशयित जागेला रॉकेल लावून थोडा वेळ मुरूं द्यावें, मग तें कोरड्या फडक्यानें पूर्ण पुसून घ्यावें आणि वर खडूची बारीक पूड पसरावी. चीर खरोखरच धातूंत असेल, तर आंत मुरलेलें रॉकेल हळू हळू वर येऊन पुडीवर ओली रेघ उमटवितें. मीं रंग थोडा घांसून काढला व शाळेंतील फळ्याचाच एक खडू कुटून त्यावर टाकला. दहा मिनिटांत पांढऱ्या पुडीवर काळसर, वांकडी, सुमारें तीन सेंटिमीटर लांबीची रेघ उमटली. नळीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तडकला होता. आदल्याच रविवारीं पुतण्या त्या सायकलीवरून यवतेश्वराचा घाट उतरून आला होता. ती नळी उतारावर तुटती, तर सीटसह स्वार मागच्या चाकावर पडता. आणि त्या घाटांतील वळणें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस पुढचें सांगावयास नको. त्या दिवसापासून सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच.

येथें कोणी विद्यार्थी विचारील कीं, चार वर्षें भार सहन केलेला धातु एकाएकीं कां तडकावा? हा प्रश्न लहान नाहीं. ह्या प्रश्नानें एकोणिसाव्या शतकांत मोठमोठ्या लोकांची झोंप उडविली होती. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा कणा मोडला. गाडीला आग लागून पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें ऑगस्ट व्योलर नांवाच्या जर्मन रेल्वे एंजिनियरानें ह्या कण्यांवर अनेक वर्षें प्रयोग केले आणि १८७० पर्यंत असें सिद्ध करून दाखविलें कीं, एकदांच दिलेला मोठा भार जो धातु सहज सोशितो, तोच धातु त्याहून पुष्कळ लहान भार लक्षावधि वेळां दिला असतां मोडतो. धातूच्या ह्या थकव्याचें सर्वांत भयंकर उदाहरण १९५४ सालीं घडलें. ‘कॉमेट’ जातीचीं दोन प्रवासी विमानें, एक जानेवारींत व एक एप्रिलांत, इटलीजवळच्या समुद्रावर आकाशांतच फुटलीं. तेव्हां इंग्लंडांत फार्नबरो येथें एक आख्खें विमान पाण्याच्या प्रचंड हौदांत ठेवून त्यावर पुन्हां पुन्हां दाब देण्यांत आला. आणि दर उड्डाणाबरोबर वाढत जाणाऱ्या बारीक चिरेचें रहस्य उघडकीस आलें.

लहान भार किती वेळां पडतो, ह्याचा हिशेब आमच्या सायकलीपुरता करून पहा. पेडलाच्या एका फेऱ्यांत सायकल ४ मीटर पुढें जाते असें धरलें, तर कासपर्यंतच्या २५ किलोमीटरांस ६,२५० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यांत दोन पायांचे दोन दाब, म्हणजे १२,५०० दाब. अशा शंभर खेपा केल्या कीं साडेबारा लक्ष दाब झाले. दगडांवरून बसणारे धक्के निराळेच. पोलादाला एक मोठा गुण आहे. एका ठराविक मर्यादेच्या आंतील भार कितीहि वेळां दिला तरी तें थकत नाहीं. ॲल्युमिनियमाला अशी मर्यादा नाहीं. लहान भारहि त्याच्या खातीं जमा होत असतो. म्हणून कुशल कारागीर ह्या धातूच्या नळ्या जाड व्यासाच्या करून भार इतका कमी ठेवितात कीं तो साधारण आयुष्यांत धोक्याच्या आंकड्यापर्यंत पोहोंचूंच नये. सायकलींच्या सांगाड्यांसाठीं आंतरराष्ट्रीय परीक्षाहि ठरलेली आहे, तींत पेडलावर बराच मोठा दाब एक लक्ष वेळां देऊन पाहतात. तेव्हां नीट घडविलेला सांगाडा चार वर्षांत तडकूं नये; आणि तडकला तर त्याच्या घडणींत कोठें तरी एखादी उणीव असावी, जेथून चिरेला आरंभ मिळाला, असा तर्क करण्यास जागा होते.

शेजाऱ्यांनीं सुचविलें कीं, एवढी पत्रापत्री कशाला, वेल्डिंग करून घ्यावें. म्हणून औद्योगिक वसाहतींतील एका वृद्ध वेल्डरकडे सायकल नेली. त्यानें चष्मा कपाळावर चढवून सांधा पाहिला, बोटानें चांचपला आणि म्हणाला, “सर, हें मी जोडून देईन, पण पोराला ह्यावर बसवूं नका.” ह्या माणसाला पुस्तकी धातुशास्त्र ठाऊक नव्हतें, पण त्याचें म्हणणें शास्त्राला धरून होतें. मॅग्नेशियम व सिलिकॉन मिसळलेलें जें ॲल्युमिनियम सायकलींस वापरतात, त्याचें बळ भट्टींतून येतें. सांगाडा जोडून झाल्यावर तो सुमारें ५३० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात, लागलीच थंड करितात, आणि मग सुमारें १७० अंशांच्या उष्णतेंत कांहीं तास ठेवितात. पुन्हां वेल्डिंगची ज्योत लागली कीं सांध्याजवळील बळ बरेंचसें नाहींसें होतें. तें परत आणावयास सगळा सांगाडा पुन्हां भट्टींत घालावा लागेल. त्या वृद्धानें काम नाकारून पैसे बुडविले, परंतु एका अनोळखी मुलाचा जीव त्याच्या हिशेबांत आधीं होता. वचन छापून न देणारे जुने कारागीर अजून शिल्लक आहेत, हें पाहून मनाला बरें वाटलें.

आतां छापील वचनाकडे वळलों. वॉरंटीचा कागद बारीक अक्षरांत दोन पानांचा होता. त्याचें सार असें: सांगाड्याच्या मालांत किंवा घडणींत दोष निघाल्यास, पहिल्या खरेदीदारास, तो ती सायकल बाळगीत आहे तोंपर्यंत, सांगाडा बदलून मिळेल. मात्र झीज, अपघात, शर्यती, मोठ्या उड्या, सीटचा दांडा ठरलेल्या खुणेपेक्षां वर काढणें, ह्यांपैकीं कशामुळें नुकसान झालें असल्यास वचन लागू नाहीं. चाकें, ब्रेक व इतर भाग ह्यांची मुदत निराळी व थोडी; मजुरीचा खर्च मालकाचा. पावती पाहिजे, पेडलांच्या आंसाच्या पेटीखालीं ठोकलेला अनुक्रमांक पाहिजे, छायाचित्रें पाहिजेत. पावती घरीं जपून ठेविलेली होती. ती सांपडल्यावर घरांतील मंडळींचा चेहरा खुलला.

विक्रेत्याच्या दुकानीं अर्ज भरावयास बसलों तेव्हां पुतण्या बरोबर होता. तो त्या वेळीं नववींत शिकत होता. अर्जांत एक प्रश्न होता: “ही सायकल कधीं पडली अगर आदळली आहे काय?” दुकानदार सज्जन मनुष्य; माझें काम व्हावें ह्याच हेतूनें तो हलक्या आवाजांत म्हणाला, “सर, तिथं सरळ ‘नाही’ लिहा. सगळे तेच लिहितात. ‘हो’ लिहिलं की कंपनीला आयतं निमित्त सांपडतं.” मी कांहीं बोलणार, तोंच पुतण्या म्हणाला, “काका, मागल्या वर्षीं श्रावणांत मी घाटांत पडलों होतों. तें लिहायला नको का?” दुकानांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मुलाच्या चेहऱ्यावर उपदेश करण्याचा भाव नव्हता. वर्गांत गणिताचें उत्तर सांगावें तितक्या सहजपणें तो बोलला होता. मीं अर्जांत लिहिलें: ऑगस्ट २०२१, ओल्या वळणावर, डाव्या अंगावर पडली, हँडलची डावी मूठ व डावें पेडल घांसलें, सांगाड्यास ओरखडा नाहीं.

वाचकहो, गोष्टींच्या पुस्तकांत खरें बोलणाऱ्यास तत्काळ बक्षीस मिळतें. येथें तसें झालें नाहीं. तीन आठवड्यांनीं कंपनीचें उत्तर आलें. तें दोन ओळींचें होतें: सायकलीस अपघात झाल्याचें ग्राहकानेंच नमूद केलें असल्यामुळें वॉरंटी लागू होत नाहीं. नवा सांगाडा विकत घ्यावयाचा असल्यास किंमतींत सवलत देण्यांत येईल. पुतण्यानें पत्र वाचलें आणि तो खालीं मान घालून म्हणाला, “माझ्यामुळें झालें.” त्याचें हें वाक्य मला कंपनीच्या पत्राहून अधिक लागलें. सांगाडा गेला असता तरी चाललें असतें. परंतु खरें बोलणें ही तोट्याची गोष्ट आहे, असा धडा त्या वयांत त्याच्या मनावर बिंबला असता, तर तो कोणत्याहि वॉरंटीनें बदलून मिळाला नसता. तेव्हांच ठरविलें कीं हें प्रकरण शेवटास न्यावयाचें. रागानें नव्हे, पुराव्यानें.

पुरावा जमविण्याचें काम मीं पुतण्याकडेच दिलें. पहिला प्रश्न असा कीं, पडल्यामुळें सांगाडा वांकला होता काय? ह्याची कसोटी एका सुतळीनें होते. मागच्या चाकाचा आंस जेथें बसतो तेथें उजव्या बाजूस सुतळीचें एक टोंक बांधावें, ती पुढें नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालावा आणि डाव्या बाजूनें मागें आणून ताणून बांधावी. मग सीटच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडील सुतळीचें अंतर मोजावें. सांगाडा सरळ असेल तर दोन्ही अंतरें सारखीं भरतात. पुतण्यानें तें पट्टीनें तीन वेळां मोजलें. फरक आढळला नाहीं. दुसरा प्रश्न सीटच्या दांड्याचा. त्यावरील आमच्या दोन्ही खुणा कंपनीच्या मर्यादेच्या खुणेपासून चांगल्या आंत होत्या. माझी, म्हणजे दोहोंतील वरची खूण, तीन सेंटिमीटर आंत. तिसरी गोष्ट चिरेच्या जागेची. पडतांना मार बसला डाव्या मुठीवर व पेडलावर. चीर मात्र सांध्याच्या मागल्या अंगास सुरू झालेली होती आणि तिचा एक भाग मळकट व एक भाग चकचकीत दिसत होता. एका आघातानें झालेली चीर सगळी एकाच वयाची असते. ही महिनोन्‌महिने वाढलेली होती.

हीं मापें, पंधरा छायाचित्रें आणि एक सरळ विनंति असें पत्र आम्हीं पाठविलें. विनंति एवढीच कीं, सांगाडा आपल्या तज्ज्ञास प्रत्यक्ष दाखवावा, आणि नकार कायम ठेवावयाचा असल्यास पडणें व चीर ह्यांचा संबंध कसा जोडला तें लेखी कळवावें. शेवटीं कायद्याचा उल्लेख केला, तोहि धमकीच्या सुरांत नव्हे. आपल्या देशांत ग्राहकांच्या संरक्षणाचा पहिला स्वतंत्र कायदा १९८६ सालचा. २४ डिसेंबर रोजीं त्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्याच्या जागीं २०१९ सालचा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत येऊं लागला. ह्या कायद्याप्रमाणें ग्राहकाला आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढें तक्रार नेतां येते. कंपनीच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. पांच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क नाहीं, वकील केलाच पाहिजे असें नाहीं, आणि तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधीं १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला दूरध्वनि करून मदत मागतां येते. एवढें ज्ञान प्रत्येक घरांत असावें. तें असलें म्हणजे पत्रांत आवाज चढविण्याची गरज राहत नाहीं.

ह्या पत्राला उत्तर दहा दिवसांत आलें. सांगाडा पुण्यास तपासणीसाठीं मागविला गेला. तेथील तरुण तंत्रज्ञानें आमच्यादेखत सीटची नळी आंतून आरसा व बारीक दिवा घालून पाहिली. पुष्कळ वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें पुतण्याला जवळ बोलाविलें आणि आरशांत दाखविलें: सांधा जोडतांना वितळलेला धातु चहूंकडे खोलवर शिरावयास हवा होता, तो एका ठिकाणीं शिरलेलाच नव्हता. नेमका तेथूनच चिरेला आरंभ झाला होता. फेब्रुवारी २०२३ मध्यें कंपनीनें घडणींतील दोष मान्य करून नवा सांगाडा देण्याचें कळविलें. त्या पत्रांत खेदाचा शब्द नव्हता, आणि आम्हांस त्याची हांवहि नव्हती. तंत्रज्ञानें मात्र निघतांना पुतण्याची पाठ थोपटून सांगितलें कीं, “पडल्याची तारीख तुम्ही लिहिली होती, म्हणून तुमच्या बाकीच्या मापांवर विश्वास ठेवतां आला.” जें लिहिल्यानें प्रथम दार बंद झालें होतें, तेंच लिहिणें शेवटीं साक्षीदार म्हणून उभें राहिलें.

तथापि नवा सांगाडा आला म्हणजे सायकल तयार झाली, असें कोणीं समजूं नये. चार वर्षांत ह्या धंद्यांतील मापें बदललीं होतीं. जुना नमुना बंद झाला होता. नव्याचीं चाकें मोठीं, पुढच्या चिमट्याची नळी खालीं रुंद व वर निमुळती, मागच्या आंसाची लांबीहि निराळी. म्हणजे जुनीं चाकें, जुना चिमटा व सीटचा दांडा ह्यांपैकीं एकहि भाग त्यांत बसेना. छापील वचन सांगाड्यापुरतेंच होतें. कंपनीशीं आणखी दोन पत्रें झालीं. तिनें चिमटा व चाकें निम्म्या किंमतींत दिलीं, बाकीचा खर्च व मजुरी आम्हीं सोसली. नफ्यातोट्याची बेरीज केली तर नव्या सायकलीच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतका खर्च घरांतून झाला. वॉरंटी म्हणजे फुकट नवी वस्तु नव्हे. ती एका विशिष्ट गोष्टीचें, विशिष्ट अटींवर दिलेलें वचन असतें. तें किती आहे हें वस्तु घेतांनाच वाचून ठेवावें, म्हणजे पुढें निराशाहि मोजकीच होते.

नवा सांगाडा देतांना कंपनीची एक अट होती. जुना पुन्हां कोणीं वापरूं नये, म्हणून तो करवतीनें कापून त्याचें छायाचित्र पाठवावयाचें. ज्या वृद्ध वेल्डरनें तो जोडण्यास नकार दिला होता, त्याच्याकडूनच तो कापून घेतला. ह्या कामाचे पैसे मात्र त्यानें आनंदानें घेतले. सांध्याचा तुकडा मीं मागून घेतला आणि चिरेच्या जागीं तो पूर्ण उघडला. तो आतां आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत कांचेच्या कपाटांत ठेविला आहे. भिंगांतून पाहिल्यास त्याच्या तुटलेल्या अंगावर, ओहोटीच्या वेळीं वाळूवर लाटांच्या खुणा उमटाव्या तशा बारीक, एकामागून एक रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे चीर थोडी पुढें सरकून थांबल्याची खूण आहे. त्या सर्व रेघा एका लहानशा बिंदूभोंवतीं वळलेल्या आहेत; धातु जेथें शिरला नव्हता, तो हा बिंदु. खालच्या चिठ्ठीवर पुतण्यानें स्वतःच्या अक्षरांत धातूचें नांव, सुतळीचीं मापें आणि घाटांत पडल्याची तारीख, तिन्ही लिहून ठेविलीं आहेत. ज्यास पाहावयाचें असेल त्यानें मधल्या सुट्टींत भिंग मागून घ्यावें.